साडेआठ महिन्यांच्या बाळाचे वजन थांबले असता

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेआठ महिन्यांची आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत ती केवळ अंगावरच्या दुधावर होती आणि तेव्हा तिचे वजन ७ किलो १०० ग्रॅम होते. आज ते ७ किलो ३०० ग्रॅम आहे. आई वेर्णा येथे नोकरी करते आणि प्रसूतीची रजा संपल्यामुळे ती पुन्हा कामावर जाऊ लागली आहे, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाळ आजीकडे असते. आजी दिवसातून तीन-चार वेळा वाटीभर उकड्या तांदळाची पेज किंवा नाचणीचे सत्त्व देतात, दुपारी गाईच्या दुधात पाणी घालून ते बाटलीने पाजतात आणि बाळ तोंड फिरवू लागले की मोबाईलवर गाणी लावून उरलेले भरवतात. आईचे प्रश्न तीन आहेत : भूक वाढण्यासाठी टॉनिक द्यावे का, डब्यातला तयार आहार सुरू करावा का आणि मासे कधीपासून द्यावेत.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे ओघात येतील, परंतु माझ्या मते मूळ अडचण त्या तिन्हींच्या बाहेर आहे. बाळाला भूक नाही असे मला वाटत नाही. त्याचे पोट दिवसभर भरलेले असते, फक्त ते पाण्याने भरलेले असते.

आधी वजनाकडे पाहू. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान मुलीचे वजन महिन्याला साधारण ३०० ग्रॅमने वाढावे अशी अपेक्षा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार सहा महिन्यांच्या मुलीचे मध्यम वजन ७.३ किलो आणि नऊ महिन्यांच्या मुलीचे ८.२ किलो असते. म्हणजे तुमची मुलगी सहाव्या महिन्यात मधल्या रेषेच्या अगदी जवळ होती आणि आजही ती ‘कुपोषित’ या व्याख्येत बसत नाही. म्हणूनच अंगणवाडीत किंवा दवाखान्यात नुसता आजचा आकडा पाहणारा माणूस ‘ठीक आहे’ असे म्हणून मोकळा होतो. माता व बाल संरक्षण कार्डावरचे ठिपके एकमेकांना जोडून पाहिले की ती रेषा आडवी झालेली दिसते, आणि आडवी रेषा हीच दखल घेण्याची वेळ असते. ठिपका खाली घसरण्याची वाट पाहत बसू नये.

आता पेजेचा हिशेब मांडतो. बाळाला द्यायची म्हणून शिते बाजूला सारून वरवरची पेज घेतली, तर दीडशे मिलिलिटरच्या वाटीत जेमतेम दोन लहान चमचे तांदळाइतका अंश उतरतो. त्यातून ३०-३५ किलोकॅलरी मिळतात. आईचे दूध तेवढेच, म्हणजे दीडशे मिलिलिटर घेतले, तर त्यातून सुमारे १०० किलोकॅलरी मिळतात. साडेसात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे-सव्वादोनशे मिलिलिटरच्या पुढे फारसे मावत नाही, त्यामुळे वाटीभर पेज प्यायलेले बाळ पुढचे दोन तास काहीही मागत नाही, शांत झोपते आणि आजीला समाधान वाटते. ते समाधान खोटे नाही. बाळाचे पोट खरोखरच भरलेले असते. पण जे दूध त्या जागी गेले असते त्याच्या जेमतेम एक तृतीयांश उष्मांक त्याला मिळालेले असतात. स्तनपान चालू असलेल्या बाळाला सहा ते आठ महिने या वयात वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, नऊ महिन्यांनंतर ३०० आणि वर्षानंतर साधारण ५५०. तीन-चार वाट्या पेजेतून त्यातल्या शंभर-सव्वाशे निघतात, आणि त्याही जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थाच्या. प्रथिने, स्निग्धांश आणि लोह यांच्या नावाने तिथे काहीच नसते. म्हणून सहा महिन्यांनंतरच्या अन्नाबाबत एकच कसोटी लक्षात ठेवायची असेल, तर ती अशी की वरचे अन्न आईच्या दुधापेक्षा दाट असले पाहिजे. दुधापेक्षा पातळ असे काहीही दिले, तर ते बाळाच्या आहारात भर घालत नाही, उलट त्यातून वजा करते.

दाटपणा पाहण्याची रीत सोपी आहे. शिजवलेले अन्न चमच्यात घेऊन चमचा तिरका करावा. धार लागली तर ते पातळ आहे. गोळा चमच्यावर टिकून हळूहळू सरकला तर ते बरोबर आहे. आपल्या घरांत आजाऱ्यासाठी आटवल करतात, तो मऊ भात बाळासाठी उत्तम आधार आहे. दोन मोठे चमचे तांदूळ, एक मोठा चमचा सालीची किंवा बिनसालीची मुगाची डाळ, चिमूटभर हळद, एवढे अगदी मऊ शिजवून पळीने घोटावे आणि वाढताना त्यात एक लहान चमचा साजूक तूप किंवा खोबरेल तेल घालावे. त्या एका चमचा तुपाने सुमारे ४० किलोकॅलरी वाढतात, म्हणजे अख्ख्या वाटीभर पातळ पेजेपेक्षाही जास्त. असे खिमट वाटीभर झाले तर त्यातून सव्वाशे-दीडशे किलोकॅलरी मिळतात, आणि अर्धी वाटी खाऊन बाळाने तोंड फिरवले तरी पेजेच्या दोन वाट्यांइतके पोटात गेलेले असते. मिठाची वर्षापर्यंत गरज नाही आणि साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळलेला बरा. उकडा तांदूळ टाकून देऊन पांढरा सुरय तांदूळ आणावा, असेही मी मुळीच सांगणार नाही. भात उकडताना कोंड्यातली ब गटातील जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्यात उतरतात, त्यामुळे उकडा तांदूळ बाळासाठी चांगलाच. फक्त त्याला जास्त वेळ शिजवावे लागते आणि शिते पेजेसकट खाऊ घालावी लागतात. नारळाच्या रसाबद्दलही नेहमी विचारले जाते. तो भातात कालवायला हरकत नाही, त्यातून स्निग्धांश मिळतो. परंतु त्यात प्रथिने आणि कॅल्शियम फार थोडे असल्याने त्याला दुधाच्या जागी धरू नये.

नाचणीच्या बाबतीत थोडे खोलात जायला हवे, कारण गोव्यातली फार घरे या एका धान्यावर बाळ वाढवतात. नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदूळ-गव्हाच्या कितीतरी पट. पण सत्त्व काढण्याच्या रीतीत नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका सुकवतात, आणि चोथा म्हणून जे टाकले जाते त्या टरफलातच कॅल्शियमचा मोठा भाग असतो. हाती उरतो तो बहुतांशी स्टार्च. पचायला हलका, दिसायला पांढराशुभ्र आणि पोषणाच्या दृष्टीने धुऊन निघालेला. पहिल्या पंधरा दिवसांत बाळ चव ओळखेपर्यंत तो चालेल. साडेआठव्या महिन्यात तेच चालू ठेवण्याचे कारण नाही.

त्याऐवजी मोड आणलेल्या नाचणीचे पीठ करावे. नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवावी, पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधावी. आपल्या दमट हवेत दीड-दोन दिवसांत बारीक मोड फुटतात. मग ती कडक उन्हात खडखडीत सुकवून, मंद आचेवर हलकी भाजून दळावी. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते आणि ते स्टार्चचे लांबलचक रेणू तोडते. त्याचा उपयोग फार मजेदार आहे : दाट खिमट किंवा नाचणीची दाट खीर कोमटापेक्षा जरा गरम असताना त्यात या पिठाचा अर्धा चमचा ढवळून पाच-सात मिनिटे ठेवली, की ती डोळ्यांदेखत सैल होते. पाणी न घालता सैल झाल्यामुळे उष्मांक तेवढेच राहतात आणि ज्या बाळाला दाट घास अजून गिळवत नाही त्यालाही ती खाता येते. नंतर तिला पुन्हा एक उकळी द्यावी. पीठ फार खरपूस भाजले तर विकर मरते आणि हा गुण जातो. एक काळजी मात्र घ्यावी : जून ते सप्टेंबरात पीठ एकदम महिनाभराचे करू नये. आपल्याकडच्या पावसात डब्यात बुरशी धरायला आठवडाही पुरतो, आणि कुबट वास आलेले पीठ पुन्हा भाजून वापरण्याची काटकसर बाळाच्या बाबतीत करू नये.

टॉनिकाच्या प्रश्नाचे उत्तर इथे येते. भूक वाढवणाऱ्या औषधाची या बाळाला गरज नाही. त्याला गरज आहे ती लोहाची. आईच्या दुधात लोह फार थोडे असते आणि जन्मताना सोबत आणलेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरतो. त्यानंतर पेज, सत्त्व आणि गाईचे दूध यांवर असलेल्या बाळाच्या रक्तात हळूहळू लोहाची टंचाई होते, आणि लोह कमी झालेले बाळ किरकिरे होते, त्याची भूक मंदावते, मग आणखी कमी खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील पाच वर्षांखालील मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि सुमारे चौथा हिस्सा मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकावर आहे हे लक्षात घेतले, तर घरात अन्न नसणे हे त्याचे एकमेव कारण असू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा मुलांच्या घरी बांगडा शिजलेला असतो, मूग भिजलेले असतात, परसात शेवगा असतो. बाळाच्या वाटीत मात्र त्यातले काहीच उतरत नाही. शासनाच्या रक्तक्षयविरोधी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचे द्रव औषध दिले जाते, ज्यात २० मिलिग्रॅम लोह असते. ते आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. सुरू केले नसेल तर सुरू करा, ताप असेल ते दिवस वगळा, आणि शी काळपट झाली म्हणून घाबरू नका. नववा महिना पूर्ण होताच गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा १ लाख एककांचा पहिला डोसही चुकवू नका.

मासे आजपासून द्यावेत. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला मासे, अंडे आणि कोंबडी शिजवून देण्यास कोणतीही अडचण नाही, आणि ‘दात आल्यावर’ किंवा ‘वर्षानंतर’ अशी वाट पाहिल्याने ॲलर्जी टळते हा समजही आता मागे पडला आहे. मांसाहारातील लोह शरीरात चांगले शोषले जाते आणि सोबतच्या डाळभातातले लोहही त्यामुळे अधिक लागू पडते. सुरुवातीला मुडदुशी किंवा लेपो घ्यावा, कारण त्यांचे काटे काढणे सोपे जाते. हळद घातलेल्या पाण्यात तुकडा उकडावा, पांढऱ्या ताटलीत घेऊन उजेडात बसावे आणि मांस अंगठा व दोन बोटे यांच्यामध्ये थोडेथोडे चुरडत जावे. डोळ्यांना न दिसलेला काटा बोटांना लागतो. मग ते मऊ भातात तुपासह कालवावे. बांगडा नंतर, त्याच पद्धतीने. तारल्या पौष्टिक खऱ्या, पण त्यांचे केसासारखे बारीक काटे पाहता या वयात मी त्या टाळायला सांगतो. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, म्हणून बाळाला ते देऊ नयेत. घरच्यांसाठी केलेल्या हुमणातला (माशाच्या कालवणातला) तुकडा पाण्यात धुऊन देण्याची पद्धत आहे. धुतल्याने तिखट जाते, मीठ जात नाही. म्हणून बाळाचा तुकडा आधीच वेगळा उकडावा. जून-जुलैत मासेमारीबंदीच्या काळात सुके बांगडे आणि खारे घराघरात निघते. त्यातले मीठ बाळाच्या मूत्रपिंडांना झेपणारे नसते. त्या दोन महिन्यांत आणि पुढे श्रावण पाळणाऱ्या घरांत मूग, मसूर, अळसांदे मऊ शिजवून, सालीसकट घोटून द्यावेत, त्यांत तांबड्या भाजीची किंवा शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची बारीक वाटलेली पेस्ट घालावी आणि वाढताना वर लिंबाचे चार थेंब पिळावेत. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतील लोह शोषले जाण्यास मदत होते. चहा त्याच्या नेमका उलट काम करतो. संध्याकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) बटर चहात बुडवून बाळाच्या हाती देणे हा आपल्याकडचा लाडका प्रकार आहे, आणि तो मला पेजेपेक्षाही अधिक खटकतो.

अंडे पूर्ण उकडलेलेच द्यावे. अंडे, मासे, शेंगदाण्याचे कूट अशी नवी वस्तू सकाळच्या वेळी एकेकटी सुरू करावी आणि दोन-तीन दिवस अंगावर पित्त उठते का, उलटी होते का, हे पाहून पुढची घ्यावी. शेंगदाणा आणि काजू बारीक कूट करून किंवा वाटूनच; अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. काजूच्या हंगामात श्वासनलिकेत तुकडा अडकलेले मूल आणले जाणे हा आमच्यासाठी फार वाईट अनुभव असतो. मध वर्षापर्यंत अजिबात नाही, बाळघुटीत उगाळून दिला जाणारा थेंबसुद्धा नाही, कारण त्यातील बीजाणूंमुळे लहान बाळात बॉट्युलिझम होऊ शकतो.

गाईचे पाणी घातलेले दूध आणि बाटली ही दोन्ही बंद करावीत. वर्षाच्या आत गाईचे दूध मुख्य पेय म्हणून दिले तर लोह तर मिळत नाहीच, शिवाय काही बाळांच्या आतड्यांतून नकळत सूक्ष्म रक्तस्राव होतो. खिमटात, खिरीत किंवा दह्याच्या रूपात थोडे चालते. बाटलीच्या रबरी बोंडाला गरम सुईने भोक मोठे करून त्यातून सत्त्व पाजले जाते, ते मी पाहतो; त्या भोकाच्या कडांना चिकटलेला साका कितीही उकळला तरी पूर्ण निघत नाही, आणि बाळाला चघळण्या-गिळण्याचा सरावही होत नाही. १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात दूधबाटल्यांची आणि दोन वर्षांखालील मुलांच्या डबाबंद आहाराची जाहिरात करण्यास बंदी आहे, ती उगाच नव्हे. डब्यातला आहार विष नाही. त्यात लोह मिसळलेले असते आणि प्रवासात किंवा घरी कोणी आजारी असताना एखादे वेळी त्याने सोय होते. लेबलावर साखर किती आहे ते पाहावे. रोजच्या जेवणाची जागा मात्र त्याला देऊ नये, कारण एकाच चवीच्या गुळगुळीत लगद्याला सरावलेले बाळ पुढे भाताचे शीत तोंडात आले तरी थुंकते.

दुपारच्या दुधाचा प्रश्न आईच्या हाती आहे. कामावर जाण्यापूर्वी आणि शक्य झाल्यास कामाच्या वेळेत एक-दोनदा, हात स्वच्छ धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या डब्यात दूध काढून ठेवावे. ते खोलीत साधारण चार तास, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून कमी, आणि शीतपेटीच्या आतल्या भागात चार दिवसांपर्यंत टिकते. आजीने ते आचेवर तापवू नये. डबा गरम पाण्यात ठेवून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने किंवा घरात असेल तर बोंडल्याने पाजावे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणे बंधनकारक झाले. वेर्ण्याला बाळ रोज नेणे तुम्हाला जमणार नाही हे मी समजू शकतो, तरीही दूध काढण्यासाठी स्वच्छ, आडोशाची जागा मागताना हा कायदा ठाऊक असलेला बरा. घरी आल्यावर, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी अंगावर मनसोक्त पाजावे, दोन वर्षांपर्यंत आणि हवे तर त्यापुढेही.

आता भरवण्याबद्दल, आणि हे सासूबाईंना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. आजी, उकडा तांदूळ, नाचणी, मूग, मासे ही तुमची निवड उत्तम आहे आणि कोणत्याही आहारतज्ज्ञाने दिलेल्या यादीपेक्षा ती कमी नाही. पाणी कमी करा, एवढेच माझे मागणे आहे. आणि मोबाईल काढून ठेवा. पडद्याकडे पाहत असलेले बाळ तोंड उघडते ते भुकेने नव्हे; घास आत गेल्याचे त्याला कळतही नाही, आणि पोट भरल्याची जाणीव होऊन थांबण्याचे शिक्षण ज्या वयात व्हायचे ते होत नाही. बाळाला मांडीवर आडवे धरून, हात दाबून घास कोंबणे तर धोक्याचे आहे, कारण रडताना श्वास आत घेणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेत अन्न जाऊ शकते. त्याला समोर ताठ बसवा, चमचा ओठांपाशी नेऊन थांबा, ते स्वतः पुढे झुकेल तेव्हा घास द्या. जिभेने ढकलून दिलेला पहिला घास म्हणजे नकार नसतो. नवी चव आवडायला आठ-दहा वेळा चाखावी लागते. शिजवलेल्या भोपळ्याची फोड किंवा पिकलेल्या केळ्याचा मऊ तुकडा हातात द्या, बाळ तो कुस्करेल, केसांना लावेल, थोडा खाईल. अर्ध्या तासात जेवण आटोपा, तोंड फिरवले की वाटी उचला आणि दोन-अडीच तासांनी पुन्हा बसवा. त्या मधल्या वेळात पेज, बिस्कीट, फळांचा रस काहीही नको, नाहीतर पुढच्या जेवणाला भूक कुठून येणार? दिवसाला तीन जेवणे आणि एखादे मधले खाणे, प्रत्येक वेळी अर्धी वाटी, हे नऊ महिन्यांच्या बाळाचे सर्वसाधारण माप आहे. कधी दोन चमचे कमी, कधी चार जास्त.

कुणी म्हणेल, आमची मुले पेजेवरच वाढली. वाढली खरी, पण त्या काळी आई घरी असे, बाळ दिवसातून दहा वेळा अंगावर पीत असे आणि पेज ही वरची चव होती. तुमच्या घरी दिवसाचे जवळजवळ अकरा तास पेज हेच मुख्य अन्न झाले आहे.

उष्टावणाच्या मुहूर्ताचाही इथे उल्लेख करतो, कारण पुढच्या बाळाच्या वेळी तो उपयोगी पडेल. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याच्या रीतीमुळे मुलींचे वरचे अन्न एकतर पाचव्या महिन्यातच सुरू होते किंवा सातव्यावर जाते. विधी मुहूर्तावर करावा, रोजचे जेवण १८० दिवस पूर्ण होताच सुरू करावे. दोन्ही एकाच दिवशी झाले पाहिजेत असे नाही.

हे सर्व बदल एकदम न करता पहिल्या आठवड्यात पेज दाट करणे, तूप घालणे आणि बाटली बंद करणे एवढेच करावे. दुसऱ्या आठवड्यात डाळ-पालेभाजीचे प्रमाण वाढवावे आणि मासे किंवा अंडे सुरू करावे. महिन्याभराने त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करावे. २५०-३०० ग्रॅम वाढले असेल तर पुढे तपासण्यांची गरज नाही. त्यापेक्षा बरेच कमी वाढले, किंवा दरम्यान बाळ दूध पिताना दमत असेल, कपाळाला घाम येत असेल, वारंवार ताप किंवा जुलाब होत असतील, घरात कुणाला क्षयरोग झालेला असेल किंवा बाळ अजून आधाराशिवाय बसू शकत नसेल, तर महिन्याची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी या दोन गोष्टी आधी व्हाव्यात, कारण लघवीतील जंतुसंसर्ग या वयात वजन थांबण्याखेरीज दुसरे कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. दवाखान्यात जाताना कार्ड न्यावेच, आणि सोबत शक्यतो आजींनाही न्यावे, म्हणजे दिवसभरात बाळाच्या वाटीत काय जाते ते डॉक्टरांना त्यांच्याकडूनच ऐकता येईल.